‘वो’ फक्त घोड्यालाच म्हणायचं असतं का?

इंग्रजी सुधारून देणाऱ्या मराठी रील्समधून सध्या एक दावा जोरात फिरतोय. डब्ल्यू-एच-ओ-ए असा लिहिला जाणारा ‘वो’ हा शब्द म्हणे निव्वळ घोडा थांबवायचा हुकूम आहे. माणसाला तो म्हणणं म्हणजे त्याला जनावरात काढणं. आश्चर्य वाटल्यावर तो उच्चारणारे ‘वाव’चा अपभ्रंश करतात, आणि एच शेवटी नेऊन लिहिणारे तर अडाणीच! शिकणाऱ्या पोरांच्या मनात अशी धास्ती घालणं मला अजिबात पटत नाही, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी अपमानाचं बघू. शब्दकोश या शब्दाला ‘हो’ या जुन्या हाकेचं रूप मानतात, आणि ती हाक माणसांनाही दिली जायची. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने लिहिलेल्या सरदाराच्या कथेत पॅलेमन आणि आर्साइट रानात घोटाभर रक्तात उभे राहून लढत असतात. ड्यूक थीसियस घोड्याला टाच मारून दोघांच्या मधे घुसतो, तलवार उपसतो आणि गरजतो, ‘हो!’ बास, नाहीतर मुंडकं जाईल. स्वतः घोड्यावर बसलाय, पण हुकूम सोडतोय तो समोरच्या दोघा माणसांना.

आजही तेच चालतं. फोनवर कुणी भडाभडा सांगत सुटलं, बुकिंग रद्द झालं, पैसे अडकले, उद्या पहाटेचं विमान आहे, की ऐकणारा ‘वो, वो, वो’ म्हणतो. म्हणजे जरा दमानं घे, पहिल्यापासून सांग. मित्रांत, घरात, सहकाऱ्यांत हे सर्रास चालतं. वरिष्ठांशी बोलताना मात्र सूर सांभाळावा, कारण समोरच्याला मधेच तोडणं त्यात आहेच. पण ते जनावरात काढणं नव्हे.

‘वाव’चा अपभ्रंश? ‘वाव’ सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्कॉटिश लिखाणात सापडतो, त्याची वाट वेगळी आहे. वापरातला फरक तर रोजचा. मैत्रिणीची नवी साडी बघून ‘वाव’ निघेल. पण समोरचा ट्रक अचानक आडवा आला, हॉटेलचं बिल अपेक्षेच्या तिप्पट निघालं, तर तोंडून ‘वो’च येणार. थांब, मला सावरू दे, हा अर्थ त्यात अजून जिवंत आहे. फक्त लगाम घोड्याऐवजी त्या क्षणाला घातलेला असतो. कौतुकातही तो निघतो, पण ते थबकायला लावणारं कौतुक असतं. मला तरी या शब्दाची सगळी गंमत इथेच वाटते. हा वापर 1980च्या दशकापासून अमेरिकेत फार फोफावला आणि अभिनेता कियानू रीव्ह्जच्या तोंडी इतका बसला, की काहीजण तो शब्दच त्याच्या नावावर टाकतात. तेही खरं नाही.

स्पेलिंगचं थोडक्यात. 1859 सालच्या कादंबरीत डिकन्सचा घोडागाडीवान चिखलाची चढण चढताना घोड्यांना डब्ल्यू-ओ, एच-ओ असं म्हणतो. म्हणजे घोड्यांसाठीसुद्धा छापील रूप एकच कधी नव्हतं. आज प्रमाण मानतात ते डब्ल्यू-एच-ओ-ए. परीक्षेत, अर्जात तेच लिहावं. एच शेवटी असलेलं रूप मेसेजमध्ये दिसलं म्हणून कुणाची अक्कल काढू नये. आणि दावा करणारे स्वतः ‘व्होआ’ म्हणतात, ते मात्र खरंच सुधारायला हवं. उच्चार एकाच अक्षराचा, ‘गो’शी यमक जुळणारा.

दाव्यात एक गोष्ट रास्त आहे, ती तबेल्यापुरती. रेनिंग या घोडेस्वारीच्या अमेरिकी प्रकारात घोडा भरधाव असताना स्वार खोगिरात खोल बसतो आणि ‘वो’ म्हणतो. घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन मातीत घसरत जातो, पुढचे पाय चालतच राहतात, आणि मग जागच्या जागी थांबतो. हा शब्द म्हणजे पूर्ण थांबणं, हे त्याच्या अंगात सरावाने भिनवलेलं असतं. म्हणून चांगले प्रशिक्षक नुसता वेग कमी करायला तो वापरू देत नाहीत, त्यासाठी ‘ईझी’ म्हणतात. तिथे उगाच ‘वो’ म्हणत राहिलं तर घोड्याचा गोंधळ होतो, आणि खऱ्या गरजेच्या वेळी तो थांबत नाही.