कासव पाळायचं असेल तर बोडी पाळा

उन्हाळा लागला, तलावांचा गाळ काढायला जेसीबी निघाले, आणि त्याच आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर 'घरात जिवंत कासव ठेवा, लक्ष्मी टिकते' असा मेसेज फिरला. दोन्ही गोष्टी एकदमच समोर आल्या, म्हणून बरेच दिवस मनात असलेलं आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे. पण वाचा, कारण तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या विहिरीत आत्ता या क्षणी एक कासव आहे, हे मला माहीत आहे.

आमचा भाग अर्जुनी मोरगावकडचा, धानाचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सहा हजारांहून जास्त मामा तलाव आहेत. मामा म्हणजे माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. कोहळी लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाळी, म्हणजे मातीचे बांध घातले, पाणी अडवलं, खाली बांध्या, म्हणजे धानाची खाचरं केली. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले, आणि त्यानंतर त्यांच्याकडे मायेनं बघणारं कमी होत गेलं. मोठ्या तलावाच्या आसपास शेताशेतांत बोड्या, म्हणजे लहान तळी. आमच्याकडचं कासव हे या सगळ्याचं. तलावातून बोडीत, बोडीतून बांधीत, पाणी वाहील तसं तेही फिरतं.

हे कासव म्हणजे मऊ पाठीचं, चिखलाच्या रंगाचं, मोठं झालं की जेवणाच्या ताटाएवढं. कुणी जवळ आलं की मान आणि पाय आत घेतं आणि पोटाच्या मागच्या बाजूला असलेल्या कातडी झडपा पेटीच्या झाकणासारख्या मिटून घेतं. मागचे पाय पूर्ण झाकले जातात. शांत बसून पाहिलं तर पुढचा सगळा क्रम दिसतो. आधी नाकाची बारीक सोंड बाहेर येते, मग डोळे, मग एवढी लांब मान की पाहणारा दचकतोच. ती मान पाठीवरून मागे वळते आणि चावा जबर बसतो, म्हणून उचलायच्या भानगडीत पडू नये. दुरूनच पाहावं.

आम्ही चारपाच जण असे आहोत, ज्यांना गावात लोक 'कासववाले' म्हणतात. त्यात मी आहे, एक निवृत्त गुरुजी आहेत, ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या मोहल्ल्यातले एक काकाजी आहेत आणि कॉलेजात जाणारी दोन पोरं आहेत. आमच्यापैकी कुणाच्याही घरी एकही देशी कासव नाही, आणि तरीही आमचा दिवस कासवांच्या मागेच जातो. सकाळी वावरात जाताना पाळीवरून जायचं. थंडीत ऊन वर आलं की काठाच्या चिखलात किंवा पडलेल्या लाकडावर ती ऊन खायला येतात, पाऊल वाजलं की पाण्यात सटकतात. गोगलगाई, बेडकाची पिल्लं, मेलेले मासे, पाण्यातलं शेवाळ, जे मिळेल ते खातात. मेलेलं खाणारा प्राणी तलावात असणं केवढी मोठी सोय आहे, हे पाण्याजवळ राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. काकाजींना तर पाण्यावर आलेल्या बुडबुड्यांवरून खाली कासव आहे की मासा, ते कळतं. मला अजून जमत नाही. त्यांच्याजवळ बसून शिकते आहे.

आता विहिरीकडे येते.

विदर्भात काय, साऱ्या महाराष्ट्रातच, विहिरीत कासव सोडायची जुनी पद्धत आहे. माझ्या माहेरच्या विहिरीतही होतं. मागच्या पावसाळ्यात एका ओळखीच्या आजीबाईंशी माझं यावरून बोलणं झालं. त्या म्हणाल्या, "बाई, कासव हाये म्हून तं पाणी साफ हाये. माह्या सासऱ्यानं सोडलं होतं त्ये." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. वर्षानुवर्षं त्या त्याला भाकरीचा तुकडा टाकत आल्या, त्याला देव मानत आल्या. पण त्या विहिरीत मी वाकून पाहिलं. उभा दगडी बांध, खाली काळं पाणी, दुपारी थोडा वेळ ऊन पोचतं तेवढंच. वर चढायला जागा नाही. टेकायला दगडाची एक कपार, तीही पाणी वाढलं की बुडते.

कासवाला पाणी लागतं तसंच काठही लागतो. ऊन खायला काठ हवा, अंडी घालायला माती हवी. या जातीची मादी जमिनीत खड्डा करून अंडी घालते आणि पिल्लं बाहेर यायला कित्येक महिने लागतात. विहिरीत ती अंडी घालणार कुठे? शिवाय उन्हाळ्यात पाणी आटलं की या कासवाचा सगळा जीव चिखलात असतो. चिखलात खोल शिरून ते महिनोन् महिने पडून राहतं. विहिरीच्या तळाशी खडक असतो. आणि पाणी साफ होण्याचं म्हणाल, तर ते पडलेले किडे खातं हे खरं, पण जे खातं ते बाहेरही टाकतं. पिण्याचं पाणी ब्लिचिंग पावडरनं शुद्ध होतं. कासवावर ते काम सोपवून आपण त्याला जन्मठेप देतो, तीही एकट्यानं भोगायची.

मी हे आजीबाईंना एवढ्या शब्दांत सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की याला इतकी वर्षं जोडीदार दिसला नाही. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मंग काढायचं कसं जी?" वन विभागाची माणसं बोलावून, रीतसर पंचनामा करून ते काढलं गेलं. पंचनामा कशाला, असं कुणी विचारेल. हे साधंसुधं दिसणारं कासव वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, ज्या अनुसूचीत वाघ आहे त्याच. पकडणं, पाळणं, विकणं, खाणं, सगळा गुन्हा. तीन ते सात वर्षं कैद आणि कमीत कमी 25 हजार दंड. त्यामुळे चांगल्या मनानंही स्वतः दोर-टोपली घेऊन उतरू नका. 1926 हा वन विभागाचा हॅलो फॉरेस्टचा नंबर आहे, त्यावर फोन करा.

आता लोक घरात ठेवायला आणतात त्या कासवांचं. त्यातलं पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं कासव आपल्या विदर्भातलं नाही. ते एकीकडे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या भागातलं आणि दुसरीकडे आंध्र-तामिळनाडूकडचं. चोरीच्या व्यापारानं ते एवढं पोखरलं गेलं की 2019 मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार पूर्ण बंद करावा लागला. तुमच्या गावात कुणाच्या दिवाणखान्यात ते दिसलं, तर ते चोरीचंच आहे असं समजा.

लाल कानाच्या कासवाबद्दल मात्र थोडं थांबून लिहायला हवं, कारण ते खेड्यापर्यंत पोचलं आहे. नागपूरला लग्नाला गेलं की पोरं मत्स्यालयाच्या दुकानातून हिरवं, रुपयाच्या नाण्याएवढं पिल्लू घेऊन येतात. हे कासव अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथेच 1975 पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, कारण लेकरं ती तोंडाजवळ नेत आणि साल्मोनेला नावाच्या जंतूनं आजारी पडत. आपल्याकडे ते प्लास्टिकच्या डब्यात, प्लास्टिकच्या नारळाच्या झाडाखाली मिळतं. दुकानदार लाल गोळ्यांची डबी देतो आणि सांगतो, एवढंच राहतं. तसं ते राहत नाही. फूटभरापर्यंत वाढतं, वीस-तीस वर्षं जगतं. त्या डब्यात ऊन मिळालं नाही तर पाठ मऊ पडते, खाणं नीट नसेल तर डोळे सुजून बंद होतात. आणि घरच्यांना कंटाळा आला की पुण्य म्हणून ते तलावात सोडतात.

हे पुण्य नाही हो. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत हे कासव आहे. ऊन खायच्या जागा, खाणं, सगळं ते आपल्या कासवांकडून हिसकावतं, आजारही आणतं. गणपतीच्या पाठोपाठ हेही आपण तलावात शिरवायचं का?

आमच्यातल्या कॉलेजातल्या एका पोराकडे असं एक आहे. मावसभावानं आणून दिलेलं. त्यानं काय केलं ते बघण्यासारखं आहे. परसात पेरूच्या झाडाजवळ सिमेंटचा हौद बांधला, अर्धा उन्हात, अर्धा सावलीत. एका बाजूला उताराची फरशी लावली, त्यावर पाण्याबाहेर यायला जागा. वरून जाळी, कारण घार आणि मांजर. पाणी बदललं की ते मैल्याचं पाणी वांग्याच्या वाफ्यात. खायला पालेभाजी, शेवाळ, गांडूळ, कधी लहान मासा. पावसाळ्यात हौद भरून कासव बाहेर जाऊ नये म्हणून काठाला आतून पत्रा वाकवून लावला आहे. रोज शाळेतली पोरं बघायला येतात आणि हात धुऊनच घरी जातात, हा त्याच्या आईचा नियम. ज्याच्याकडे हे कासव आधीच आहे, त्यानं असं करावं. जन्मभर सांभाळावं. नवीन मात्र कुणी आणू नये.

लक्ष्मीचं म्हणाल तर त्याहून वाईट एक प्रकार आहे, 'वीस नखी कासवा'चा. पैशाचा पाऊस पाडून देतो म्हणणारे लोक खेडोपाडी फिरतात, लाखाची बोली सांगतात, आणि कर्जात बुडालेला एखादा पोरगा रात्री तलावावर टॉर्च घेऊन नखं मोजत बसतो. आपल्या मऊ पाठीच्या कासवाच्या प्रत्येक पायाला तीनच नखं असतात, एकूण बारा. चांदणी कासवाला पुढे पाच-पाच, मागे चार-चार, म्हणजे अठरा. वीस नखांच्या शोधात किती कासवं पोत्यात भरून फिरवली जातात आणि गुदमरून मरतात! 2013 पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. असा माणूस गावात आला तर पोलिसात कळवा. आणि देवळात गेल्यावर दगडी कासवाला हात लावून नमस्कार करणाऱ्यांनी तरी जिवंत कासवाचं पोतं पाहून गप्प बसू नये.

आता गाळाचं. माझ्या मते आजची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि हिच्याबद्दल कुणीच बोलत नाही.

गाळ काढायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी धानाची शेतकरी आहे. तलावात पाणी राहिलं नाही तर दिवाळीच्या तोंडावर शेवटचं पाणी कुठून देणार? 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली, कितीतरी तलाव मोकळे झाले, गाळ वावरात पडला, चांगलंच झालं. पण काम होतं एप्रिल-मे मध्ये, तलाव कोरडा पडल्यावर. आणि नेमकं तेव्हाच कासव त्या गाळात निजलेलं असतं. जेसीबीचा दात गाळात शिरतो, ट्रॉली भरते, आणि कासव गाळाबरोबर वावरात जाऊन पडतं, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात. मी स्वतः ट्रॉलीतून पडलेलं, पाठ फाटलेलं कासव पाहिलं आहे. ड्रायव्हरचा काही दोष नव्हता. त्याला वरून चिखलाचं ढेकूळच दिसणार. 23 मे ला जागतिक कासव दिन असतो. त्या दिवशी फोटो टाकणाऱ्यांनी एकदा आटलेल्या तलावावर जाऊन यावं.

उपाय अवघड नाहीत, आणि ते आमच्या डोक्यातून निघालेले नाहीत, ढिवर लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत. मशीन लावायच्या आदल्या दिवशी त्यांना सोबत घेऊन तळ चालून बघायचा. कुठल्या भागात ओल टिकून आहे, कुठे श्वासाची भोकं दिसतात, ते त्यांना कळतं. तो भाग, बहुतेक सगळ्यात खोल कोपरा, त्या वर्षी तसाच सोडायचा. दुसऱ्या वर्षी दुसरा. काठ सगळीकडून उभा कापायचा नाही, एका बाजूनं उतार ठेवायचा, म्हणजे कासवालाही चढता येतं आणि गाईम्हशींनाही. काठाला माजणारं बेशरमाचं झुडूप मात्र मुळासकट काढायचं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर लोकांबरोबर आमच्या या भागातल्या तलावांवर जे काम केलं आहे, त्यात गाळाइतकंच लक्ष पाणवनस्पतींकडे आहे. काय काढायचं आणि काय पुन्हा लावायचं, दोन्ही. तसंच लक्ष कासवाच्या जागेकडे द्यायला काय हरकत आहे?

अजून दोन महिन्यांनी पाऊस लागेल. पहिल्या मोठ्या सरीनंतर कासवं चिखलातून निघून चालू लागतात, पांदणीवर, डांबरी रस्त्यावर, रोवणीच्या बांध्यांत. तेव्हा रात्री गाडी हळू चालवा. रस्त्यात दिसलं तर ज्या दिशेला त्याचं तोंड आहे त्याच बाजूला जाऊ द्या, गाडी आडवी लावून दोन मिनिटं थांबा. 'याला चांगल्या मोठ्या तलावात सोडू' म्हणून पाच कोस नेऊ नका. त्याला कुठे जायचं ते माहीत असतं. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या लोखंडी चाकांपुढे एक माणूस चालता ठेवला तर बांधीतलं कासव वाचतं. आमच्याकडे आता हे काम पोरं आनंदानं करतात.

1 मेच्या ग्रामसभेत आमच्या तलावाच्या गाळाचा विषय आहे. खोल कोपरा सोडायचा आणि मशीन लागण्याआधी तळ चालून बघायचा, असा लेखी अर्ज मी देणार आहे. मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष सही करायला तयार आहेत, गुरुजींनी मसुदा करून दिला आहे. तुमच्या गावातही यंदा गाळ काढणार असतील तर मला मेसेज करा, अर्जाचा फोटो पाठवते. फक्त तलावाचं नाव बदलायचं.