आधी अलाइनमेंट उघडून बघायला शिकवा
एमएस्सीच्या मुलांना संगणकावर उत्क्रांतिवृक्ष, म्हणजे प्रजातींची नाती दाखवणारं झाड, बांधायला शिकवावं, ही लेखातली मागणी मला पूर्ण पटते. १० प्रजातींची मूळ असलेली शक्य झाडंच ३ कोटी ४४ लाखांवर होतात, हाताने काय मांडणार! मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. पण दोन दिवसांच्या कार्यशाळेत नुसती बटणं दाबायला शिकवून भागत नाही हो. डीएनएचे सीक्वेन्स (अक्षरांचे क्रम) टाकले, झाड आलं, प्रोजेक्टला जोडलं, संपलं. अलाइनमेंट, म्हणजे ते सीक्वेन्स एकाखाली एक जुळवून केलेली मांडणी, कुणी उघडूनच बघत नाही.

आमच्याकडच्या माळरानावरचे नाकतोडे घ्या. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय या मायटोकॉन्ड्रियातल्या जनुकाच्या जुन्या नकला त्यांच्या पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती काढताना) त्याच उचलल्या जातात. मधेच एका बेसची (डीएनएच्या अक्षराची) गॅप किंवा प्रथिन तिथेच तोडणारा स्टॉप कोडॉन दिसला की तिथेच थांबायला हवं, नाहीतर सगळं झाड बिघडतं. फांदीवरचा ९५ हा बूटस्ट्रॅपचा आकडा (त्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने घेऊन झाड बांधलं तर ती फांदी शंभरात किती वेळा येते तो) म्हणजे ‘९५ टक्के खरं’ असंही नव्हे. डीएनए कसा बदलत गेला याचं धरलेलं मॉडेल चुकलं तर चुकीच्या फांदीलाही १०० मिळू शकतात.

अलाइनमेंटसाठी माफ्ट, झाडासाठी आयक्यू-ट्री ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, एवढ्या कामाला साधा लॅपटॉप पुरतो. जिल्ह्याच्या ठिकाणी कमी आहे ती सत्रभर सोबत बसून शिकवणाऱ्यांची. तेव्हा आधी आम्हा शिक्षकांचं प्रशिक्षण घ्या, तेही मराठीतून.