व्हिसा आहे का?

हा प्रश्न मला आजवर विमानतळावर विचारला गेलाय, नोकरीच्या मुलाखतीत विचारला गेलाय, आणि लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी तर चहा येण्याआधीच विचारला होता. तिन्ही वेळा मी छाती पुढे काढून "आहे" म्हणालो. फजिती झाली ती चौथ्या वेळी, न्यू जर्सीतल्या कॉस्टको या सभासदांसाठीच्या घाऊक दुकानाच्या काउंटरवर. समोर आठ पौंड लोणी होतं आणि शेजारी बाबा.

लोणी तुपासाठी. इथल्या मराठी घरांत साजूक तुपाचा उगम गाईत नसतो, कर्कलंड या कॉस्टकोच्या स्वतःच्या ब्रँडच्या अनसॉल्टेड बटरमध्ये असतो. चार पौंडांचं एक खोकं, अशी दोन. गणपती आठवड्यावर आले होते. एरवी कॉस्टको हे बायकोचं खातं, पण त्या दिवशी ती ऑफिसच्या कॉलमध्ये अडकलेली, म्हणून मी निघालो. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेले बाबा "बघू तरी" म्हणत गाडीत बसले. बाबा बँकेत छत्तीस वर्षं कॅशियर होते. अजूनही दुकानात शिरले की आधी गल्ल्याकडे बघतात.

आता माझ्या पाकिटाविषयी सांगायला हवं, कारण नीट विचार करून मी आयुष्यात एवढी एकच गोष्ट केलीय. त्यात चार क्रेडिट कार्डं. किराण्याला एक अ‍ॅमेक्स, म्हणजे अमेरिकन एक्स्प्रेसचं कार्ड, जे वर्षाला ६,००० डॉलरपर्यंतच्या खरेदीवर ६ टक्के परत देतं. प्रवासाचे पॉइंट साठवायला दुसरं अ‍ॅमेक्स. परदेशात लागलं तर म्हणून एक मास्टरकार्ड. आणि एक डिस्कव्हर, ज्याची ५ टक्क्यांची यादी दर तिमाहीला बदलते आणि आपण आठवणीनं बटण दाबलं तरच लागू होते. त्या तिमाहीत यादीत कॉस्टकोसारखे घाऊक क्लब होते. मी पहिल्याच दिवशी बटण दाबलं होतं. पाकीट जाड होतं म्हणून व्हिसा आणि डेबिट कार्ड मात्र घरी, ड्रॉवरमध्ये.

कॉस्टकोत काय होतं ते नव्यानं सांगत नाही. लोण्यासाठी गेलेला माणूस तीन पौंड बदाम, वर्षभर पुरेल एवढे कागदी टॉवेल, तांदळाचं पोतं आणि एक ब्लूटूथ स्पीकर घेऊन काउंटरवर येतो. बिल झालं ३१२ डॉलर आणि वर काही सेंट. मी ऐटीत डिस्कव्हर काढलं. काउंटरवरची बाई अतिशय गोड हसली आणि म्हणाली, "व्हिसा?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी गळ्यातली पिशवी उघडली. पासपोर्ट काढला, बरोबर पान उघडलं आणि तिच्यासमोर धरलं. "टेन इयर्स. मल्टिपल एंट्री," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "झेरॉक्सपण आहे, देऊ का?"

बाईनं पासपोर्ट खरोखर पाहिला. फोटो छान आलाय म्हणाली. मग तिनं मला सांगितलं की क्रेडिट कार्ड असेल तर इथे फक्त व्हिसा चालतं. ते दारावर लिहिलेलंही आहे. मी त्या दारातून अकरा वर्षं ये-जा करतोय. दोष सगळा माझाच.

त्यात जास्त जिव्हारी लागणारी गोष्ट अशी की मी या देशात आलो तेव्हा नेमकं उलट होतं. तेव्हा तिथे क्रेडिट कार्ड म्हणजे फक्त अ‍ॅमेक्स, आणि माझ्याकडे फक्त व्हिसा. पहिलं अ‍ॅमेक्स मी कॉस्टकोसाठीच काढलं. मग सोळा वर्षांचा तो संसार मोडून २० जून २०१६ पासून कॉस्टकोनं व्हिसाशी पाट लावला, सिटी बँकेचं कार्डही आलं, आणि मी मात्र अ‍ॅमेक्सच्या घरी घरजावयासारखा राहून गेलो.

"म्हणजे चार कार्डं आणि एक चालत नाही?" बाबा म्हणाले. "चार मुलगे असून म्हाताऱ्याच्या तोंडात पाणी घालायला कोणी नाही, तशी गत. आमचा कोथिंबीरवालासुद्धा क्यूआर लावून बसतो."

बायकोला फोन लावला. ती कार्डाचा नंबर सांगणार, मी तो फोनमध्ये भरणार, फोन टेकवून पैसे देणार, असं ठरलं. पण एवढ्या मोठ्या पत्र्याच्या छपराखाली रेंज येते ती फक्त जाहिरातीच्या मेसेजपुरती. सोळापैकी नऊ आकडे ऐकू आले. बँकेचा पडताळणीचा कोड तिच्या फोनवर गेला, आणि तो ती मला सांगतेय तोवर कॉल तुटला. मागच्या माणसाच्या ट्रॉलीत कयाक होती. तो तिच्यावर हात टेकून उभा होता, आणि त्याला आता ती वल्हवत घरी जावंसं वाटत असणार.

मग बाबांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. बंडीच्या आतल्या खिशातून रबरबँड लावलेली पुडकी निघाली. वीस-वीसच्या चौदा नोटा. येताना सांगलीत बदलून घेतलेल्या, अजून त्याच क्रमानं लावलेल्या. अंगठा जिभेला लावून त्यांनी त्या मोजल्या, उलट्या करून पुन्हा मोजल्या. रांगेतल्या कोणीही आवाज केला नाही. नोटा मोजणाऱ्या कॅशियरला टोकायचं नसतं हे माणसाला कुठल्याही देशात कळतं.

दोनशे ऐंशी. म्हणजे बत्तीस डॉलर आणि वर काही सेंट कमी. काय परत द्यायचं हे ज्याच्या नोटा त्यानं ठरवायचं. बाबांची नजर बदामांवरून, लोण्यावरून फिरली आणि ब्लूटूथ स्पीकरवर येऊन थांबली.

"हे कशाला?"

"आरतीला, बाबा."

"आपल्याला आवाज नाहीत?"

स्पीकर गेला.

घरी येताना मी त्यांना समजावू लागलो की हे एकाच कार्डाचं खूळ का, तर ते माझ्याआधीच पोचले होते. "दुकानदाराला कार्डामागे कमिशन पडत असणार. किती? दोनेक टक्के?" मी हो म्हणालो. कॉस्टको मालावर चौदा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त चढवतच नाही, तेव्हा त्यातले दोन जाणं तिला परवडत नाही, असंही सांगितलं. "मग बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मार्केट यार्डात सगळी हळद एकाच अडत्याकडे घातली की तो अडत कमी करतो. विखरून घातली की प्रत्येकजण कापतो." माझं अर्ध्या तासाचं व्याख्यान त्यांनी दोन वाक्यांत संपवलं. त्यांना खरं कौतुक वाटलं ते दोन गोष्टींचं. दाराशी पावती आणि ट्रॉली ताडून रेघ मारणारा माणूस ("व्हाउचर चेकिंग! ही खरी शिस्त"), आणि १९८५ सालापासून दीड डॉलरलाच मिळणारा हॉट डॉग, जो ते शाकाहारी असल्यामुळे त्यांनी फक्त पाहिला.

त्यानंतर मी चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्या मंडळातला प्रत्येकजण या प्रसंगातून गेलेला आहे आणि प्रत्येकानं गुपचूप आपापली सोय केलेली आहे. एकानं वार्षिक फी नसलेलं व्हिसा काढून ते सभासद कार्डाला रबरबँडनं बांधलंय. एकीनं फोनमध्ये भरून ठेवलंय, कारण फोन विसरून ती कुठेच जात नाही. एक काका पिनवालं डेबिट कार्ड वापरतात आणि पॉइंटांना हसतात. एकाला दर दिवाळीला सासू कॉस्टकोचं शॉप कार्ड, म्हणजे आधीच पैसे भरलेलं भेटकार्ड देते, ते तो वर्षभर पुरवतो. आणि एकजण रागावून सॅम्स क्लब या दुसऱ्या घाऊक दुकानात गेला. तिथे व्हिसा, मास्टरकार्ड, डिस्कव्हर, अ‍ॅमेक्स, सगळं चालतं. पण तो अधूनमधून आमच्या घरी येऊन कॉस्टकोचे मफिन मिळतील का विचारतो.

मी मात्र अर्धवट काही करत नाही. पाकीट रिकामं केलं आणि नव्यानं मांडलं. दोन व्हिसा क्रेडिट, एक व्हिसा डेबिट. बाकीची चौघं ड्रॉवरमध्ये. बाबा परत गेले तेव्हा विमानतळावर त्यांना पाकीट उघडून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त मी नको नको म्हणत असताना माझ्या हातात एक वीसची नोट कोंबली.

थँक्सगिव्हिंगला आम्ही गाडीनं कॅनडातल्या मिसिसॉगाला गेलो, बायकोच्या भावाकडे. घरात दहा माणसं, तेव्हा दुसऱ्याच दिवशी कॉस्टको. आमचं सभासद कार्ड तिकडेही चालतं. मी मेव्हण्याला म्हणालो, आजचं बिल माझं. ट्रॉली भरली, रांग लागली, नंबर आला. मी पाकीट उघडलं आणि तीन व्हिसांतलं मधलं काढलं.

काउंटरवरचा मुलगा अतिशय गोड हसला.

"दाजी," मेव्हणा कानाशी येऊन म्हणाला, "इकडे मास्टरकार्ड लागतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं आणि फोन बाहेर काढला. "सांगलीत आता किती वाजले असतील रे?"