१७ सर्व्होंच्या रोबोट किटविषयीच्या आपल्या अभिप्रायास दुकानमालकाचे उत्तर

महोदय, सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या सुट्टीत आपण ऐरोलीहून नौपाड्यातील आमच्या दुकानात येऊन, नववीत जाणाऱ्या आपल्या मुलासाठी दोन पायांवर उभा राहणारा माणसासारखा रोबोट बनवण्याचे १७ सर्व्होंचे (सांगितलेल्या कोनात वळून थांबणाऱ्या छोट्या मोटरींचे, एका सांध्याला एक) किट घेतलेत. त्याविषयी एक तारा देऊन आपण लिहिले आहे, की रोबोट उभा राहताच थरथरतो, कंट्रोलर (सर्व्होंना आज्ञा देणारा बोर्ड) मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, पाहुण्यांना दाखवण्यासाठी अर्धा तास गुडघे वाकवून उभा ठेवला तेव्हा दोन्ही गुडघ्यांच्या सर्व्हो जळाल्या, माल नकली असावा, आणि तक्रार घेऊन आल्यावर “तुमचे वायरिंग चुकले आहे” एवढेच ऐकवून आपल्याला परत पाठवण्यात आले.

शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिथे बचावाला जागाच नाही. आपण आलात तेव्हा मी दुकानात नव्हतो. रोबोट हातात न घेता दोष ग्राहकाच्या माथी मारण्यात आला, हे अत्यंत चुकीचे झाले. त्याबद्दल मी आपली आणि विशेषतः आपल्या मुलाची मनःपूर्वक क्षमा मागतो. सुट्टीतले कित्येक दिवस खपून जोडलेली वस्तू डोळ्यांदेखत बंद पडल्यावर त्याला असे उत्तर मिळायला नको होते.

काउंटरवर आपण ठेवून गेलेल्या दोन्ही सर्व्हो मी स्वतः उघडून पाहिल्या. धातूचे गिअर शाबूत आहेत, एकही दात तुटलेला नाही. मात्र आतल्या मोटरची गुंडाळी काळी पडली आहे. सर्व्हो झटक्याने आदळली असती, तर आधी गिअरचे दात गेले असते. गुंडाळी काळी पडते ती दीर्घकाळ सोसलेल्या भाराने आणि त्यातून साठलेल्या उष्णतेने. त्यामुळे माल नकली असल्याचा आपला संशय मला मान्य करता येत नाही. चूक घडली ती किट निवडून देताना, आणि ती आमची आहे.

हा भार किती होता, ते आकड्यांत सांगतो. या किटमध्ये एमजी ९९६ आर जातीच्या सर्व्हो आहेत. तिचे वजन ५५ ग्रॅम. ६ व्होल्टवर ती अडून बसेपर्यंत जास्तीत जास्त सुमारे ११ किलो-सेंटीमीटर टॉर्क (वळवण्याचा जोर, म्हणजे अक्षापासून एक सेंटीमीटरवर ११ किलो पेलण्याइतका) देते, आणि तशी अडली की एकटी सुमारे अडीच अँपिअर करंट ओढते. नुसत्या १७ सर्व्होंचेच वजन ९३५ ग्रॅम होते. ॲल्युमिनियमचा सांगाडा, बोर्ड आणि बॅटरी धरून आमच्या काट्यावर असा रोबोट १.९ किलो भरला. गुडघे वाकवून बसवल्यावर गुडघ्यांच्या वर सुमारे दीड किलो वजन राहते, आणि त्या वजनाची उभी रेषा गुडघ्याच्या अक्षापासून ६ सेंटीमीटर मागे गेली, तर दोन्ही गुडघ्यांवर मिळून ९, म्हणजे प्रत्येकी साडेचार किलो-सेंटीमीटर भार सतत पडतो. अशा सर्व्होला सतत पेलायला द्यायचा भार कमाल टॉर्कच्या एक तृतीयांशाच्या आसपास, म्हणजे साडेतीनच्या पुढे नसावा, असे आम्ही मानतो. रोबोट स्तब्ध दिसत असला, तरी त्या अर्ध्या तासात गुडघ्यांच्या मोटरी अखंड करंट घेत होत्या. आणि या जातीची सर्व्हो आपले तापमान कंट्रोलरला कळवत नसल्याने आपल्या मुलाला ते समजण्याचा काही मार्गच नव्हता. त्याने काहीही चूक केलेली नाही.

थरथरण्याचे आणि कंट्रोलर बंद पडण्याचे कारण वेगळे आहे, आणि ते मला अधिक बोचते. किटसोबत आम्ही आपल्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर दिला होता. पायांतच १० सर्व्हो आहेत. उभे राहताना त्यांपैकी चार-पाच जरी एकेक अँपिअरच्या वर गेल्या, तरी व्होल्टेज खाली बसते, बोर्ड बंद होऊन पुन्हा सुरू होतो, सुरू होताच सर्व सर्व्हो एकदम जागेवर यायला धावतात आणि व्होल्टेज पुन्हा बसते. या रोबोटला ६ व्होल्टचा, निदान १० ते १५ अँपिअरचा पुरवठा लागतो. कंट्रोलरला वेगळी वीज द्यावी लागते आणि दोन्हींचे ग्राउंड (ऋण टोकाची वायर) एकत्र जोडावे लागते. दोन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी थेट लावणेही धोक्याचे, कारण पूर्ण चार्ज झाल्यावर ती ८.४ व्होल्ट देते आणि या सर्व्होंची मर्यादा ७.२ व्होल्ट आहे. मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर हवाच. विक्रीच्या वेळी यातले काहीही आपल्याला सांगितले गेले नाही.

आपण “जास्तीत जास्त सांध्यांचे दाखवा” म्हणालात आणि आमच्या सहकाऱ्याने फक्त बजेट विचारून ते दिले. त्याला मी तेवढेच शिकवले होते, म्हणून तो दोष माझ्याकडे येतो. सांध्यांच्या संख्येवरून किट निवडणे ही या छंदातली सर्वांत सामान्य दिशाभूल आहे. कोंडो कंपनीने २००४ साली जपानमध्ये आणलेल्या केएचआर-१ मध्येही सांधे १७च होते, पण त्या रोबोटचे वजन सुमारे १.२ किलो होते. विचारायला हवे ते हे, की गुडघ्याच्या आणि घोट्याच्या सर्व्होवर किती भार येईल, वीज कुठून येणार, आणि जोडणाऱ्याने याआधी काय जोडले आहे. आपल्या मुलाचा हा पहिलाच रोबोट आहे हे आम्ही विचारले असते, तर मी त्याला आधी ४ सर्व्होंचा, ओटोसारखा छोटा चालणारा रोबोट सुचवला असता: ९ ग्रॅमच्या हलक्या सर्व्हो, रुंद पावले, साधा वीजपुरवठा, आणि चालण्याचा प्रोग्रॅम स्वतः लिहून पाहण्याची मोकळीक. तोल एका पावलावरून दुसऱ्यावर कसा न्यायचा, ते तिथे हाताला कळते.

ज्यांना मोठाच रोबोट हवा आहे, त्यांनी शक्य असल्यास सीरियल बसवर चालणाऱ्या सर्व्हो घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. बायोलॉइड प्रीमियम किटमध्ये अशा १८ एएक्स-१२ए सर्व्हो असतात. प्रत्येकीला स्वतःचा क्रमांक असतो, वायर एकीतून दुसरीत जाते, आणि ती आपली स्थिती, भार, व्होल्टेज व तापमान परत कळवते. किंमत कितीतरी जास्त पडते हे खरे. पण आपल्या घरी जे घडले, त्यात गुडघा तापत असल्याची सूचना वेळेत मिळाली असती.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्याशी सहमत नाही. “एवढे पैसे घेऊन रोबोट आपणहून चालतही नाही” असे आपण लिहिले आहे. असे कोणतेही किट सांगाडा जोडल्याबरोबर चालत नाही. सर्व्होच्या दांड्यावर २५ दाते असतात, म्हणजे त्यांवर बसणारा हॉर्न (सर्व्हो सांगाड्याला जोडणारा तुकडा) एक दात सरकला तरी १४.४ अंशांचा फरक पडतो. म्हणून प्रत्येक सर्व्हो मध्यावर आणूनच हॉर्न बसवावा लागतो, उरलेला फरक प्रोग्रॅममध्ये सुधारावा लागतो, आणि त्यानंतर एकेक पाऊल लिहावे लागते. हे काम म्हणजेच हा छंद आहे. ते विकण्याआधी सांगायला हवे होते, एवढे मी मान्य करतो.

दोन्ही गुडघ्यांसाठी अधिक टॉर्कच्या सर्व्हो आणि योग्य वीजपुरवठा आम्ही विनामूल्य देऊ. आपल्याला किट परतच करायचे असेल, तर पूर्ण रक्कम मिळेल. त्यासाठी हा अभिप्राय बदलण्याची किंवा काढण्याची काहीही गरज नाही. मुलाला पुढे काम करायचे असेल, तर कोणत्याही रविवारी सकाळी त्याला घेऊन यावे. मी स्वतः त्याच्याबरोबर बसेन. येताना रोबोट सुटा करू नये, कारण पायांचे हॉर्न कसे बसले आहेत ते जोडलेल्या अवस्थेतच तपासता येते.