डी सोबत घेतलं नाही तर कॅल्शियम वाया? काहीतरीच

एक मेसेज सगळीकडे फिरतोय: कॅल्शियमच्या गोळीसोबत त्याच वेळी व्हिटॅमिन डी घेतलं नाही तर एक कणही अंगी लागत नाही, डी कॅल्शियमला धरून आतड्यातून आत नेतं, म्हणून डी जितकं जास्त तितकं चांगलं. यात खरं थोडंसंच, बाकी तिखटमीठ.

आधी ते "धरून नेतं". डी कॅल्शियमला हातसुद्धा लावत नाही हो. उन्हातून किंवा गोळीतून आलेलं डी आधी लिव्हरमध्ये बदलतं, मग किडनीत त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं, हे खरं कामाचं रूप, आणि ते आतड्याच्या पेशीतल्या रिसेप्टरला (म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रोटीनला) चिकटून काही जीन्स चालू करतं, मग पेशी प्रोटीन्स बनवायला लागते: कॅल्शियम आत घेणारा टीआरपीव्ही६ चॅनल, पेशीतून पलीकडे पोचवणारं कॅल्बिंडिन, शेवटी रक्तात ढकलणारा पंप. म्हणजे हमाल ही प्रोटीन्स, डी नुसता मुकादम.

"त्याच वेळी"चा मुद्दा इथेच निकालात निघतो. प्रोटीन्स बनायला काही तास जातात, त्यामुळे आत्ता गिळलेलं डी आत्ताच्या कॅल्शियमच्या काही कामाचं नाही, कामाला येतो तो आधीचा साठा, आणि तो निम्मा व्हायलाच दोन-तीन आठवडे लागतात. दोन्ही एकाच गोळीत मिळतात ती फक्त सोय.

"एक कणही नाही" हेही चूक. डी फारच कमी असलं तरी साधारण १०-१५ टक्के कॅल्शियम शोषलं जातं, कारण पेशींच्या मधल्या फटींतूनही ते झिरपतं, त्याला डी फारसं लागत नाही. डी पुरेसं असेल तर हाच आकडा ३०-४० टक्क्यांवर जातो. फरक मोठाच आहे, डी कमी पडून लहान मुलांना मुडदूस (हाडं मऊ पडून वाकतात तो आजार) होतो तो उगाच नाही, तेव्हा कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी.

पण "जितकं जास्त तितकं चांगलं" हे वाक्य मात्र सगळ्यात घातक. डीचा अतिरेक झाला की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मग उलट्या, सारखी तहान, किडनी स्टोन, कधी किडनीच बिघडते. मोठ्या माणसांसाठी रोजची वरची मर्यादा ४००० आययू (डी मोजायचं एकक) धरतात, त्यापुढे डॉक्टर सांगतील तरच.

आणि वेळच पाळायची हौस असेल तर कॅल्शियम कार्बोनेटची (कॅल्शियमच्या गोळ्यांचा एक नेहमीचा प्रकार) पाळा: जेवणासोबत घ्या, एका वेळी त्यातलं कॅल्शियम ५०० मिलिग्रॅमच्या वर नको, कारण डोस मोठा झाला की शोषलं जायचं प्रमाण घटतं.