पहिलटकरणीच्या हाती कोणते पुस्तक द्यावे: पाच नियमांचा प्रतिवाद

नातेवाइकांच्या आणि मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप गटांतून पहिलटकरणीसाठी पुस्तक निवडण्याचे पाच नियम सांगणारा एक संदेश फिरत असतो. बाळंतपण पिढ्यान्‌पिढ्या तेच असल्यामुळे थोरल्या बहिणीचे किंवा जावेचे जुने पुस्तक पुरेसे असते, हा त्यातील पहिला नियम. नवे घ्यायचेच तर जगात सर्वाधिक खपलेले परदेशी पुस्तक घ्यावे, कारण तेच शास्त्रीय असते, हा दुसरा. मराठी पुस्तकात गर्भसंस्काराचा भाग असलाच पाहिजे, कारण बाळाची बुद्धी पोटातच ठरते, हा तिसरा. आजारांची आणि गुंतागुंतीची प्रकरणे असलेले पुस्तक गरोदर बाईला देऊ नये, ती घाबरते, हा चौथा. आणि पुस्तक भेट देण्याची योग्य वेळ म्हणजे डोहाळजेवण, हा पाचवा. संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते, यात शंका नाही. परंतु हे पाचही नियम कोणी पाळले, तर पहिलटकरणीला सर्वाधिक गरज असलेली माहिती एक तर तिच्या हाती पडत नाही, किंवा उशिरा पडते.

पहिल्या नियमातील अर्धी गोष्ट खरी आहे. बाळंतपण बदललेले नाही. त्याविषयीचा सल्ला मात्र बदललेला आहे, आणि काही बाबतींत तो पूर्ण उलटा झाला आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतील एका अफाट खपाच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाने तान्ह्या बाळाला पालथे झोपवावे असे सांगितले, कारण उताणे बाळ ओकले तर गुदमरेल अशी भीती होती. पालथ्या झोपणाऱ्या बाळांमध्ये झोपेतील अचानक मृत्यूचे प्रमाण अधिक असते, हे पुढे अभ्यासांतून स्पष्ट झाले. ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९४ मध्ये बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम सुरू केली, आणि अमेरिकेत अशा मृत्यूंचे प्रमाण पुढील काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. त्यापूर्वी छापलेली पुस्तके मात्र कपाटांत तशीच राहिली. कळा सुरू झाल्यावर गर्भाशयाचे तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, असे जुन्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितले की ही अपेक्षा अनेक निरोगी स्त्रियांच्या बाबतीत चुकीची ठरते. बाळ जन्मल्याबरोबर नाळ बांधण्याऐवजी किमान एक मिनिट थांबावे, हा आजचा सल्लाही जुन्या पुस्तकांत सापडणार नाही. म्हणून पुस्तक हातात घेतल्यावर आधी सुधारित आवृत्तीचे वर्ष पाहावे. पुनर्मुद्रणाच्या वर्षावर विसंबू नये, कारण वीस वर्षांपूर्वीचा मजकूर जसाच्या तसा या वर्षीही छापता येतो.

परदेशी पुस्तक शास्त्रीय असू शकते, पण ते त्या देशातील आरोग्यव्यवस्थेला धरून लिहिलेले असते, आणि गरोदरपणातील बरेचसे सल्ले आपण कोठे राहतो यावर अवलंबून असतात. ब्रिटनमध्ये सर्व गरोदर स्त्रियांना सरसकट लोहाच्या गोळ्या दिल्या जात नाहीत. रक्त कमी आढळले तरच त्या दिल्या जातात. भारतात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले, आणि येथील सरकारी कार्यक्रमात चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी सांगितलेली आहे. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या असतात, आणि त्या लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळी घ्यायच्या नसतात. ब्रिटिश पुस्तक वाचून एखादीने ‘लोहाची गरज सर्वांनाच नसते’ असा निष्कर्ष काढला, तर पुस्तकात चूक नसतानाही तिचे नुकसान होईल. मधुमेहाच्या तपासणीचेही तसेच आहे. आपल्याकडे पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी प्रत्येक गरोदर स्त्रीचे रक्त तपासावे अशी पद्धत ठरलेली आहे, तर ब्रिटनमध्ये ही तपासणी जोखीम असलेल्यांपुरती असते. त्या जोखमीच्या यादीत मधुमेहाचे प्रमाण जास्त असलेल्या वंशांचा, म्हणजे दक्षिण आशियाई कुटुंबांचाही समावेश होतो, हे लंडनला किंवा लेस्टरला राहणाऱ्या मराठी मुलींनी आवर्जून लक्षात ठेवावे; त्यांच्यासाठी तेथील पुस्तक अर्थातच योग्य आहे. नाशिकला किंवा लातूरला राहणारीने परदेशी पुस्तक जरूर वाचावे, पण गोळ्या, तपासण्या आणि लसी यांसाठी इथल्या व्यवस्थेला धरून लिहिलेले पुस्तक जवळ असलेच पाहिजे. तिच्या बाळंतपणाची धावपळ करणाऱ्या घरच्या माणसांना ते वाचता यावे, यासाठी ते मराठीत असणे अधिक चांगले.

गर्भसंस्काराविषयी बोलताना श्रद्धेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. आईने शांत राहावे, आवडते संगीत ऐकावे, चांगले वाचावे, घरच्यांनी तिच्याशी प्रेमाने वागावे, या गोष्टी हितकारकच आहेत. पोटातील बाळाला सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखते, हेही प्रयोगांतून दिसले आहे. त्यावरून विशिष्ट मंत्राने किंवा रागाने बुद्धी वाढते असे मात्र सिद्ध होत नाही. मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते या समजुतीचा उगम १९९३ मधील ज्या प्रयोगात आहे, तो महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला होता, आणि त्यात दिसलेला परिणाम दहा-पंधरा मिनिटांपुरताच टिकला होता. या दाव्याची मला सर्वाधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच कारणाने: बाळाची बुद्धी आणि प्रकृती आईच्या विचारांनी ठरते असे एकदा मानले, की बाळात काही व्यंग निघाल्यास दोष आपोआप आईच्या माथी येतो, आणि आधीच कोसळलेल्या त्या मुलीला घरातच आरोपी केले जाते. गर्भसंस्काराच्या प्रकरणात मुलगाच व्हावा यासाठीचे उपाय दिलेले असतील, तर ते पुस्तक तेथेच बाजूला ठेवावे. गर्भलिंग निदानाच्या तंत्रांवर नियंत्रण आणणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी केला आणि १९९४ मध्ये तसा केंद्रीय कायदा झाला, तो याच मानसिकतेमुळे.

चौथा नियम मला सर्वांत घातक वाटतो. बाळंतपणात स्त्रिया का दगावतात याची मीमांसा करताना १९९४ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधिकांनी तीन विलंब मांडले, आणि तेव्हापासून जगभरातील माता-आरोग्याचे काम त्या मांडणीला धरून चालते: दवाखान्यात जाण्याचा निर्णय घेण्यातील विलंब, तेथे पोहोचण्यातील विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातील विलंब. रस्ता, वाहन, रक्तपेढी, भूलतज्ज्ञ यांबाबत पुस्तक काहीही करू शकत नाही. पहिला विलंब मात्र बऱ्याच अंशी माहितीच्या अभावातून होतो, आणि ती माहिती नेमकी त्याच प्रकरणांत असते जी पहिलटकरणीला वाचू देऊ नयेत असे हा संदेश सांगतो. पाचव्या महिन्यानंतर डोके असह्य दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, चेहरा आणि हात सुजले, तर ही दगदग नसून वाढलेल्या रक्तदाबाची खूण असू शकते, आणि उपचार न झाल्यास झटके येऊ शकतात. अंगावरून रक्त जाणे, दिवस भरण्यापूर्वी पाणी जाणे, ताप येणे, यांपैकी कशातही सकाळपर्यंत वाट पाहायची नसते. बाळाच्या हालचालींविषयी तर एक चुकीची समजूत घरोघरी आणि काही पुस्तकांतही आढळते: शेवटच्या महिन्यात जागा अपुरी पडते म्हणून बाळ कमी हलते. हालचालीचा प्रकार थोडा बदलू शकतो, पण ती कमी होणे स्वाभाविक नाही. नेहमीपेक्षा कमी जाणवली तर त्याच दिवशी तपासून घ्यावे.

माहितीमुळे भीती वाटू शकते, हे मान्य आहे. परंतु भीती वाढते ती अर्धवट माहितीने. काय दिसले तर काय करायचे आणि कोठे जायचे हे स्पष्ट सांगितलेले असले, की बहुतेक बायकांना आधारच वाटतो. म्हणून पुस्तक विकत घेण्यापूर्वी धोक्याच्या लक्षणांचे प्रकरण उघडून पाहावे. लक्षण साध्या शब्दांत सांगितले आहे का, ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढ्यावर न थांबता लगेच जायचे की पुढच्या भेटीत सांगितले तरी चालते हा फरक केला आहे का, आणि बाळंतपणानंतरच्या दिवसांविषयी लिहिले आहे का, हे तपासावे. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकणारी उदासी हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत आणि १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, एवढे तरी त्या पुस्तकात असावे. तुलनेसाठी हाताशी एक चांगले साधन आहे: नोंदणी झाल्यावर उपकेंद्रात किंवा आशाताईंकडून मिळणारे माता व बाल संरक्षण कार्ड. त्यात धोक्याची लक्षणे चित्रांसह दिलेली असतात. चारशे पानांच्या पुस्तकात या कार्डाइतकीही माहिती नसेल, तर त्याची जाडी निरुपयोगी आहे. आणि हे प्रकरण नवऱ्याने आणि सासूबाईंनीही वाचले पाहिजे, कारण रात्री दोन वाजता १०८ क्रमांकाला फोन करायचा की सकाळी बघायचे, हे आपल्याकडे अनेक घरांत तिच्या एकटीच्या हातात नसते.

पाचव्या नियमाविषयी थोडक्यात. डोहाळजेवण बहुधा सातव्या महिन्यात होते. बाळाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया असलेली नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांतच बंद होते, म्हणजे अनेकींना दिवस राहिल्याचे कळते न कळते तोवरच. तिच्यातील दोष टाळण्यासाठी रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावे लागते. तो सल्ला देणारे पुस्तक सातव्या महिन्यात देऊन काय उपयोग? गरोदरपणाचे पुस्तक मूल हवे असे ठरते तेव्हा द्यावे, किंवा गोड बातमी कळताच द्यावे. डोहाळजेवणाला पुस्तकच द्यायचे असेल, तर स्तनपानाचे आणि नवजात बाळाच्या काळजीचे द्यावे. त्यात जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करण्याचा आणि सहा महिने घुटी, मध किंवा पाणीही न देता केवळ आईचे दूध देण्याचा सल्ला असला पाहिजे. पावडरच्या दुधाच्या कंपनीने वाटलेली पुस्तिका मात्र स्वीकारू नये. अशा दुधाच्या जाहिरातीवर आणि प्रसारावर भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे.