अठरा पूर्ण नाहीत म्हणून स्वतःची फाईल वाचायची नाही?

सोलापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे: ‘१८ वर्षांखालच्या पेशंटला स्वतःचे रिपोर्ट बघायचा हक्क नाही. फाईल हॉस्पिटलची असते. मुलं वाचून घाबरतात. आभा (सरकारी डिजिटल आरोग्य क्रमांक) काढलं की सगळं आपोआप मोबाईलवर येतंच.’ याचा त्रास वॉर्डात पडून असलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना होतो, म्हणून हे उत्तर.

१८ ची अट सहीला आहे, वाचायला नाही. नक्कल मागायचा अर्ज आई, वडील किंवा कायदेशीर पालकाच्या सहीने जातो; हाती आलेला कागद मुलाने वाचू नये, असं कायदा म्हणत नाही. मानसिक आजाराच्या नोंदींपुरता एक अपवाद आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २५ सांगतं की वाचून पेशंटला गंभीर मानसिक इजा होणार असेल किंवा दुसऱ्याला धोका असेल, तर डॉक्टर तेवढा मजकूर रोखू शकतात. तेवढाच, सगळी फाईल नव्हे.

फाईल हॉस्पिटलची म्हणाल तर कागद आणि कॉम्प्युटर त्यांचा, माहिती पेशंटची. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यावर ७२ तासांत नक्कल द्यावी लागते, आणि भरती पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपाव्या लागतात. अर्जात आयपीडी नंबर (भरतीचा नोंद क्रमांक), भरती आणि डिस्चार्जच्या तारखा, केसपेपरवर आहे तसंच नाव लिहा. ‘सगळे रिपोर्ट द्या’ असं मोघम लिहिलं तर डिस्चार्ज कार्डाच्या झेरॉक्सवर बोळवण होऊ शकते. इनडोअर पेपर (भरती असतानाच्या रोजच्या नोंदी), औषधांचा चार्ट, ऑपरेशन नोट, लॅब रिपोर्ट, एमआरआयची सीडी असं एकेक नाव घेऊन मागा. आपल्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्याच. तो नसेल तर ७२ तास कधी सुरू झाले हे दाखवता येत नाही.

मुलं घाबरतात? पूर्व भागात घरोघरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, आणि डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत. ते वाचू शकणारं घरातलं एकमेव माणूस कित्येकदा दहावीतली मुलगीच असते. भीती वाटते ती समजावणारं कोणी नसतं म्हणून. अल्कलाइन फॉस्फटेज ही रक्ताची तपासणी घ्या: वाढत्या वयात हाडं वाढत असतात, त्यामुळे ते मोठ्यांच्या दुप्पट-तिप्पटही असतं. लॅबने मोठ्यांचीच मर्यादा छापली असेल तर आकड्यासमोर ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) येतो आणि घरभर लिव्हरची काळजी सुरू होते. राउंडला आलेल्या डॉक्टरांना मुलानेच विचारावं, ‘ही मर्यादा माझ्या वयाची आहे का?’

आता आभा. हा १४ अंकी क्रमांक म्हणजे नुसता पत्ता. हॉस्पिटलची सिस्टीम जोडलेली नसेल तर तिथे काहीच पोहोचत नाही. जुनी नोंद शोधताना मोबाईल, नाव, लिंग आणि जन्मवर्ष जुळवून पाहिलं जातं. घाईत भरती करताना मामाचा नंबर दिला, वय अंदाजे सांगितलं, की नोंद सापडत नाही. भरतीच्या खिडकीवरच आधारप्रमाणे नाव आणि जन्मतारीख तपासून घ्या.

मेसेजमध्ये जे नाही, तेच जास्त महत्त्वाचं आहे. आधारला वडिलांचा नंबर असेल तर आभाचा ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. मुलीने डॉक्टरांना एकटीने सांगितलेलं, पाळीबद्दल, व्यसनाबद्दल, जीव नकोसा झाल्याबद्दल, नोंदीत आलं तर तो फोन ज्याच्या हातात त्याला ते दिसू शकतं. म्हणून बोलण्याआधीच विचारावं: ‘हे कुठे लिहिणार, कोण वाचणार?’ डॉक्टरांनीही खरं उत्तर द्यावं. लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं पोक्सोच्या (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) कलम १९ ने बंधनकारक आहे. तिथे गुप्ततेचा शब्द देता येत नाही, आणि हे तिला आधी सांगायला हवं.